हदगाव स्टँडची साक्ष

उदगीर, जि. लातूर
२२ जानेवारी २०२४

शेषेराव भावजींना रत्नम्माचा सलाम.

यांच्या दफनाच्या दिवशी तुमच्याशी धड बोलता आलं नाही. माणसं खूप होती आणि तुम्ही कबरस्तानाच्या भिंतीकडं तोंड करून उभे होता. मूठमाती देऊन कधी निघून गेलात तेही कळलं नाही.

फोन करणार होते. पण तनुजा म्हणाली, "आई, काकांना फोनवर काही ऐकू येत नाही. ते नुसतं हाव हाव म्हणतात." खरं आहे. हे म्हणायचे, शेष्याशी फोनवर बोलणं म्हणजे चालू इंजिनाला गोष्ट सांगणं. शिवाय काही गोष्टी ओरडून विचारता येत नाहीत. म्हणून पत्र लिहिते.

नांदेडचं घर बंद करून मी तनुजाकडं आले आहे. लेक चांगली सांभाळते. चर्चच्या मंडळीतल्या बाया रोज येतात, प्रार्थना करतात, चहा पितात आणि जाताना एकच विचारतात, "शेवटी काय म्हणाले?" आमच्यात माणूस मेला म्हणत नाहीत, प्रभूत निजला म्हणतात. निजताना काय म्हणाला, ते मग सगळ्यांना पाहिजे असतं. मी काय सांगू? मी नांदेडला घरी, ते हदगावला स्टँडवर. जवळ तुम्ही एकटे.

बायांचं सोडा. पण यांची थोरली बहीण नागम्मा अक्का, जिनं यांना लहानाचं मोठं केलं, ती दारात बसून रोज विचारते, "माझ्या नरसिंगानं देवाचं नाव घेतलं का ग?" तिचं वय झालंय. काल विचारलेलं आज आठवत नाही, म्हणून मला रोज नव्यानं गप्प बसावं लागतं.

तेवढं कळवा. सिंधू वहिनींना सलाम सांगा.

रत्नम्मा

*

नांदेड
२९ जानेवारी २०२४

रत्नम्मा वहिनींना शेषेरावचा नमस्कार.

तुमचं पाकीट आलं तेव्हा सिंधू म्हणाली, "कोर्टाची नोटीस असंल." आजकाल हातानं लिहिलेलं काही आलं की माणूस आधी घाबरतो.

वहिनी, एसटीच्या डेपोत माझी आणि नरसिंगची जोडी मशहूर होती. तो स्टेअरिंगवर, मी घंटीवर. नांदेड-कंधार, नांदेड-उदगीर, सगळा मुलूख आम्ही मिळून पालथा घातला. गाडी चालू करायच्या आधी तो डोळे मिटून प्रार्थना करायचा. ड्रायव्हरनं डोळे मिटले की पुढच्या सीटवरचे पॅसेंजर गडबडायचे. मी सांगायचो, "भिऊ नका, आत्ताच मिटून घेतो, पुढं उघडे ठेवतो." लोक त्याचं नाव ऐकून विचारायचे, नरसिंग आणि ख्रिस्ती कसा? तो म्हणायचा, "नाव आज्जीनं ठेवलं, धर्म आजोबानं दिला, नोकरी सरकारनं. माझं स्वतःचं म्हणावं असं एक लग्नच." तुम्ही नर्स, म्हणून आम्ही म्हणायचो, नरसिंगची बायको नर्सिंगमध्ये. असला फालतू विनोद इतकी वर्षं पुरला बघा.

ज्या माणसानं उभ्या नोकरीत गाडी लेट आणली न्हाई, तो लेट गाडीची वाट बघता बघता बाकड्यावर गेला. तुमच्या देवाला हसता येतं का मला माहीत न्हाई. येत असलं तर ही गंमत त्याचीच. मला काही हसू आलं न्हाई.

आता तुमचा सवाल. हाव, घेतलं. देवाचं नाव घेतलं. छातीवर हात ठेवला, वर बघितलं आणि म्हणाला, "प्रभू, मी तुझ्या हाती." मग शांत झाला. माझ्या समोर. अक्कांना छातीठोक सांगा.

कानाचं मशीन मी आता बंदच ठेवतो. सिंधूचं मला बिनमशीनचं ऐकू येतं, आणि दुसरं ऐकण्यासारखं बोलणारा गेला.

शेषेराव

*

उदगीर
११ फेब्रुवारी २०२४

शेषेराव भावजींना सलाम.

तुमचं पत्र बायांच्या प्रार्थनेत वाचून दाखवलं. सगळ्या रडल्या. अक्कानं तीनदा वाचायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी परत पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

आमच्या मंडळीला नवे पाळक आलेत, पास्टर सत्यम. तरुण आहेत, मनानं चांगले. कोणाकडं दुखलं-खुपलं की मोटरसायकलवर हजर. त्यांनी तुमचं वाक्य उतरवून घेतलं आणि रविवारी उपदेशात सांगितलं. "वर बघितलं"च्या जागी "स्वर्गाकडे दृष्टी लावली" असं केलं. तेवढं चालायचंच. चर्चमध्ये कोणी साधं वर बघत नाही.

त्यांचं म्हणणं, ईस्टरच्या पुढच्या रविवारी यांच्यासाठी स्मरणाची उपासना ठेवू, आणि तुम्ही येऊन साक्ष द्यावी. साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. देवानं काय केलं ते आपल्या तोंडानं सांगायचं. दर शुक्रवारी तुमचं नाव घेऊन इथं प्रार्थनाही होते. तुम्हाला न विचारता सुरू झाली, राग मानू नका.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. छातीवर हात कुठला ठेवला? आणि ते वाक्य मराठीतच म्हणाले का?

बायकांना बारीक विचारायची सवय असते म्हणून समजा.

रत्नम्मा

*

नांदेड
२० फेब्रुवारी २०२४

रत्नम्मा वहिनींना नमस्कार.

हात उजवा. वाक्य मराठीतच. स्वच्छ, रेडिओवर बोलतात तसं. बहिऱ्यालासुद्धा ऐकू गेलं म्हणजे समजा.

तुमचे पास्टर सत्यम सोमवारी इथं येऊन गेले. उदगीरहून नांदेड, मोटरसायकलवर, माझ्यासाठी. मोठ्या अक्षरातलं बायबल आणलं होतं. माणूस गोड हाय, पण माझ्या डाव्या कानाशी बसला. त्या कानात आता तोफ उडाली तरी मला वारा लागतो फक्त. मी हाव हाव म्हणत राहिलो. कशाकशाला हाव म्हटलं, ते त्याला आणि तुमच्या देवाला ठाऊक. मग त्यानं उजवीकडं येऊन विचारलं, "काका, त्या क्षणी तुम्हाला काय जाणवलं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "गाडी आली."

वहिनी, त्याचे डोळे भरून आले. लगेच मोबाइलात लिहून घेतलं. स्वर्गातला रथ का काय पुटपुटला. मी म्हणणार होतो, अहो रथ न्हाई, नांदेडची गाडी. पण इतक्या लांबून आलेल्या माणसाला तसं परत कसं धाडायचं?

तो गेला आणि सिंधू पदर खोचून उभी राहिली. "बाटता काय ह्या वयात?"

"अगं, नरसिंगच्या आठवणीचा कार्यक्रम हाय."

"आठवण घरात बसून येत न्हाई का?"

दुसऱ्या दिवशी शेजारच्यांच्या जीपमध्ये बसून ती माहूरला गेली. रेणुकामातेला सांगून आली म्हणते, आमच्या माणसावर लक्ष ठेव. म्हणजे शुक्रवारी तुमची मंडळी मला तिकडून ओढून राहिली, मंगळवारी देवी इकडून. मधी मी, बहिरा. कोण बोलावून राहिलं तेच कळंना.

साक्षीचं तेवढं टाळा. मी कंडक्टर माणूस. "पुढं सरका" यापलीकडं मी कधी भाषण केलं न्हाई.

शेषेराव

*

उदगीर
५ मार्च २०२४

शेषेराव भावजींना सलाम.

टाळणं आता माझ्या हातात राहिलं नाही. पास्टरांनी उपासनेचं पत्रक छापून आणलंय. एक सोबत पाठवते. बसूनच वाचा.

यांचा फोटो लायसन्सवरचा घेतलाय, म्हणून चेहरा रागीट दिसतो. खाली लिहिलंय, की बंधू नरसिंग बाकड्यावरून उठून उभे राहिले, दोन्ही हात वर केले आणि मोठ्यानं प्रभूचा धावा केला. स्टँडवरच्या प्रवाशांनी चपला काढल्या. त्यांच्या अन्य धर्मातल्या मित्राला तेजानं भरलेली गाडी येताना दिसली. शेवटची ओळ अशी, की जगातल्या गाड्या उशिरा येतात, ती गाडी वेळेवर आली.

बिदरकडनं कोणी लोक आले होते. त्यांनी नांदेडची बस धरून हदगावला जाऊन ते बाकडं बघून यायचं ठरवलंय. मी म्हटलं, उन्हाचं जाऊ नका.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. तनुजानं अक्काला पत्रक वाचून दाखवलं. अक्कानं शेवटपर्यंत ऐकलं, हात जोडले आणि म्हणाली, "चांगला माणूस होता. कोण होता?"

तिला विसर पडतो, हे सगळ्यांना माहीत आहे. सगळे हसले. मीही हसले. मग स्वयंपाकघरात गेल्यावर हसू आलं नाही.

भावजी, त्या दिवसाचं अजून काही आठवलं तर कळवा. नाही आठवलं तरी चालेल.

रत्नम्मा

*

नांदेड
११ मार्च २०२४

रत्नम्मा वहिनी,

पत्रक वाचलं. दोनदा वाचलं. मी नरसिंगला चढावर दुसऱ्या गेअरमध्ये शिव्या देताना बघितलंय, टायर बदलताना बघितलंय, तुमच्या तनुजाच्या लग्नात मांडवामागं जाऊन रडताना बघितलंय. दोन्ही हात वर केलेला मी त्याला कधी बघितला न्हाई. ड्रायव्हर माणूस, दोन्ही हात एकदम सोडतच नव्हता.

आता खरं लिहितो.

त्या दिवशी हदगावला आपल्या जुन्या मेकॅनिकच्या निरोपाचा कार्यक्रम होता. हार झाले, भाषणं झाली. नरसिंगनं पेढासुद्धा खाल्ला न्हाई. म्हणाला, "साखर हाय मला, बायको नर्स हाय." सगळ्यांनी वाहवा केली. मग आम्ही स्टँडवर आलो. गाडी लेट होती.

तुम्ही दिलेला डबा त्यानं उघडला. चपाती आणि दोडका. डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. बाकड्याखाली एक कुत्रं होतं. डबा त्याच्यापुढं ठेवला. कुत्र्यानं चपाती खाल्ली, दोडका हुंगून सोडला.

"शेष्या, वास येऊन राहिला बघ," नरसिंग म्हणाला. समोरच्या गाड्यावर मिरची भजी तळणं चालू होतं.

"डॉक्टर काय म्हणला तुला?"

"डॉक्टर लातूरला हाय."

"आणि वहिनी?"

"ती नांदेडला हाय. हदगावला फक्त तू हायस, आणि तू आपला हायस."

त्यानं स्वतः जाऊन आणली. मला एक दिली, बाकीची त्यानं खाल्ली. खाता खाता समोर एक पोरगा ड्रायव्हर गाडी मागं घेऊन राहिला होता, त्याला इथूनच सूचना देऊन राहिला. "डावीकडं काट! अरे डावीकडं!" त्या पोराला काय ऐकू जातं! मग बोटं रुमालाला पुसत माझ्याकडं वाकून म्हणाला, "रत्नाला सांगू नको हां."

हे त्याचं शेवटचं बोलणं. त्यात नाव होतं, पण प्रभूचं नव्हतं वहिनी, तुमचं होतं.

मग त्यानं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. ड्युटी संपल्यावर डेपोच्या बाकड्यावर तो असाच टेकायचा, म्हणून मला काही वेगळं वाटलं न्हाई. तो माझ्या डाव्या बाजूला होता, बहिऱ्या बाजूला. एकदा ओठ हलल्यासारखे दिसले. मी "काय?" म्हटलं. तो काही बोलला न्हाई, म्हणजे बोलला असला तरी मला कळलं न्हाई. मी तसाच बसून राहिलो. हललो न्हाई. खांदा अवघडला तरी हललो न्हाई, दोस्ताला झोप लागली होती म्हणून. त्याच्या अंगावर बसलेली माशीसुद्धा मी फुंकून उडवली. गाडी आली तेव्हा त्याला हलवलं. म्हटलं, "नरसिंग, ऊठ, गाडी आली."

पास्टरांना मी तेच सांगितलं होतं.

तुम्ही जन्मभर दवाखान्यात काढलात. तुम्हाला कळत असंल. मी त्याच वेळी ओळखलं असतं, ओरडलो असतो, गाडीत घालून दवाखाना गाठला असता, तर? हे मी सिंधूलाही विचारलं न्हाई. तुम्हाला विचारायची हिंमत नव्हती, म्हणून "प्रभू, मी तुझ्या हाती" लिहून टाकलं. तसलं वाक्य मी एका गुड फ्रायडेला तुमच्याच चर्चमध्ये ऐकलं होतं, नरसिंगनं मला ओढून नेलं होतं तेव्हा.

आणि दुसरं म्हणजे त्यानं सांगू नको म्हटलं होतं. आयुष्यात त्याचं मी कधी ऐकलं न्हाई. एवढं एक ऐकायचं ठरवलं होतं, तेही झालं न्हाई.

शेषेराव

*

उदगीर
१९ मार्च २०२४

शेषेराव भावजी,

दोडका कुत्र्यानंही सोडला, हे लिहायची गरज नव्हती.

बाकी तुम्ही जे लिहिलंत ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सगळं नाही, पण पुरेसं. हदगावच्या दवाखान्यात मी यांचा हात हातात घेतला. बोटांना मिरचीचा आणि तळलेल्या बेसनाचा वास होता. चारजणी मला धरून होत्या, त्यांना वाटलं मी हाताचं चुंबन घेते. मी वास घेत होते. भावजी, इतका राग आला मला! माझ्याच माणसानं मला फसवलं होतं आणि ज्याच्यावर ओरडायचं तो समोर पडून होता, शांत, पोट भरलेला.

आणि तुमचं ते वाक्य. हे देवाशी मराठीत कधी बोललेच नाहीत. घरी आई कानडी बोलायची, त्यामुळं देवाशी कानडी. "अप्पा," म्हणून सुरू करायचे, बापाला हाक मारतात तशी. मराठी फक्त पॅसेंजर आणि गेअरबॉक्ससाठी ठेवली होती. म्हणून मी तुम्हाला विचारलं, मराठीतच म्हणाले का. तुम्ही म्हणालात, रेडिओवर बोलतात तसं. मी ते वाचून पहिल्यांदा हसले, हे गेल्यानंतर पहिल्यांदा.

मग माहीत असून का विचारत राहिले? तुम्ही लिहीत होता तोवर हे त्या बाकड्यावर बसलेले होते. एका पत्रात उजवा हात, एका पत्रात मराठी. मला वाटलं, असेच थोडे थोडे बसू देत.

आता तुमच्या प्रश्नाचं. हे मी मैत्रीखातर लिहीत नाही, नर्स म्हणून लिहिते. मला तिथल्या डॉक्टरांनी सगळं सांगितलं. हृदय एकदम थांबलं. तुम्ही ओरडला असता, पळाला असता, तरी हदगाव स्टँडवर काही होण्यासारखं नव्हतं. झालं असतं ते एवढंच, की धावपळीत, चार अनोळखी हातांत, गाडीत चढवताना गेले असते. मी वॉर्डात माणसं नळ्यांमध्ये जाताना बघितली, एकटी जाताना बघितली, भिंतीकडं तोंड करून जाताना बघितली. दोस्ताच्या खांद्यावर, आवडीचं खाऊन, कोणी माशी उडवतंय, असं जाताना मी एकाला बघितलं नाही. हे तुम्ही आता स्वतःला विचारायचं बंद करा.

ओठ हलले ते काय, हे तुम्ही ऐकलं नाही, मीही नाही. ज्यानं ऐकायचं त्यानं ऐकलं असेल. असं मी म्हणायला पाहिजे. पास्टरांसमोर म्हणतेही.

उपासना सात एप्रिलला, सकाळी. तुम्ही या. काय बोलायचं ते मी सांगणार नाही. पास्टरांना मी काही कळवलेलं नाही. पत्रकं गावभर वाटून झाली आहेत आणि बिदरचे लोक बाकडं बघून आलेत. त्यांना ते साधारण वाटलं.

रत्नम्मा

*

नांदेड
८ एप्रिल २०२४

रत्नम्मा वहिनी,

माफी मागायला लिहितो. काल तुम्हाला तोंड न दाखवता स्टँड गाठलं, जेवणाला थांबलो न्हाई.

मी येताना पत्रकाप्रमाणंच बोलायचं ठरवून आलो होतो. खरंच. अक्का, म्हातारं माणूस, समोर बसणार, तिला कशाला दुखवायचं. सिंधूनंही बजावलं होतं, "जे ते सांगतील ते म्हणा आणि प्रसाद-बिसाद न घेता परत या." पण पास्टरांनी माइक माझ्या हातात दिला आणि माझं मशीन शिट्टी मारायला लागलं. सगळे कानावर हात ठेवून राहिले. मी मशीन काढून खिशात टाकलं. त्यानंतर मला एक अक्षर ऐकू आलं न्हाई, माझं मलासुद्धा न्हाई.

समोर नरसिंगचा तो लायसन्सवरचा फोटो, हार घातलेला. माझ्याकडंच बघून राहिला होता, गाडी लेट करणाऱ्या पॅसेंजरकडं बघायचा तसा. मग मला पत्रकातलं काही आठवलं न्हाई. मी बाकड्यापासून सुरू केलं. डबा सांगितला, कुत्रं सांगितलं, भजी सांगितली, तो डॉक्टर लातूरला हाय तेसुद्धा सांगितलं. रत्नाला सांगू नको, हे सांगितलं. खांदा सांगितला. शेवटी म्हटलं, "मी देवाचा माणूस न्हाई. ह्याच्या ओठांवर काय होतं ते मला ऐकू आलं न्हाई. गाडी दिसली ती नांदेडची होती. पण मी ह्याच्याबरोबर आयुष्यभर फिरलो, आणि ह्यानं एकदाही प्रार्थना केल्याबगर गाडी हलवली न्हाई. मी रोज हसायचो, हा रोज करायचा. आता मी कुठंही निघालो की चुकल्यासारखं होतं." आणि बसलो.

मग मी काय केलं ते मला दिसलं. पुढच्या ओळीतल्या म्हाताऱ्या अक्का पदर तोंडात कोंबून वाकल्या होत्या, खांदे हलून राहिले होते. बाप्ये डोळे पुसून राहिले होते. पास्टर सत्यम तर ओंजळीत तोंड लपवून वेदीपाशी बसलेच. मी एका मेलेल्या माणसाची त्याच्याच देवाच्या घरात इज्जत घालवली. तुमच्याकडं बघायचा धीर झाला न्हाई. तुम्ही डोळे मिटून बसला होता.

दोस्ताची साक्ष द्यायला गेलो आणि त्याच्याच विरुद्ध देऊन आलो. जमलं तर माफ करा. अक्कांची माफी माझ्या वतीनं तुम्ही मागा.

शेषेराव

*

उदगीर
१४ एप्रिल २०२४

शेषेराव भावजी,

तुम्ही मशीन तरी घाला नाहीतर अनुमानं काढायची तरी बंद करा.

अहो, ते हसत होते.

कुत्र्यानं दोडका सोडला तिथं पहिल्यांदा अक्काला फुटलं. तिनं पदर तोंडात घातला म्हणून बायांना वाटलं म्हातारी रडते, त्या तिला धरायला गेल्या आणि त्यांनाही फुटलं. "डॉक्टर लातूरला हाय" म्हणालात तेव्हा मागच्या बाकावर आमचे बीपीच्या गोळ्या घेणारे सगळे बाप्ये एकमेकांकडं बघू लागले. पास्टर बिचारे बराच वेळ ओठ दाबून उभे होते, शेवटी खाली बसले. उपासनेत इतकं हसलेलं मी जन्मात पाहिलं नाही. मग तुम्ही खांद्याचं सांगितलंत. तिथं मात्र सगळे खरंच रडले. म्हणजे तुम्ही निम्मं बरोबर बघितलंत.

तुम्ही खाली बसल्यावर अक्का उठली. तिला कोणी ऊठ म्हटलं नव्हतं. सगळ्यांकडं वळून म्हणाली, "हां. हा माझा नरसिंग. लहानपणी आईनं मला ह्याला सांभाळायला ठेवलं की हा असाच सांगायचा, आईला सांगू नको." तेव्हापासून ती विचारत नाही, देवाचं नाव घेतलं का म्हणून. विसरली की समाधान झालं, ते मी पाहत बसले नाही.

पास्टर सत्यम शेवटच्या प्रार्थनेला उभे राहिले आणि त्यांना शब्द सापडेनात. ज्या माणसाला कधी शब्द कमी पडले नाहीत, त्याला! शेवटी म्हणाले, "प्रभू, तू त्याला जसा होता तसा घेतलास. आम्ही उगाच त्याला इस्त्री केली." एवढंच, आणि आमेन. दुसऱ्या दिवशी ते घरी येऊन माझ्याशी बराच वेळ बोलले. तुम्हाला भेटायला पुन्हा नांदेडला येणार आहेत. मी सांगितलंय, उजव्या बाजूला बसा. सिंधू वहिनींना म्हणावं, बाटवायला नाही, आठवणी ऐकायला येतात. पुलाव तुमच्या वाटणीचा पास्टरांनीच खाल्ला.

आता माझं. मी डोळे मिटून बसले होते असं तुम्ही लिहिलंत. तुम्हाला वाटलं असेल, बाई प्रार्थना करते. सगळ्यांनाच वाटतं. हे गेल्यापासून मी रोज बायांमध्ये बसते, डोळे मिटते, आमेन म्हणते. आत काही नसतं भावजी. तनुजालाही हे माहीत नाही. लोक म्हणायचे, रत्नम्माचा विश्वास बघा, डगमगली नाही. जिथं काही हलतच नव्हतं, ते डगमगणार कसं? यांनी शेवटी देवाचं नाव घेतलं का, हे अक्का विचारायची ते यांच्यासाठी. मी तुम्हाला विचारलं ते माझ्यासाठी. मला वाटायचं, यांना त्या वेळी जमलं असेल, तर मलाही कधीतरी जमेल.

त्या रविवारीही मी डोळे मिटून रिकामीच बसले होते. तुमचं बोलणं नुसतं कानावर पडत होतं.

काल सकाळी दूध तापत ठेवलं होतं. तनुजा शाळेवर शिकवायला निघायच्या गडबडीत. मी ओट्यापाशी उभी होते आणि एकाएकी तोंडातून सुरू झालं. स्तोत्र नव्हे, उपकारस्तुती नव्हे. यांना इतक्या घाईनं का नेलंस, नेलंस ते नेलंस, मला घरात ठेवून हदगावात का नेलंस, इतक्या वर्षांची बायको शेजारी नको होती का तुला, असं जे काय आत साचलं होतं ते सगळं. कानडीत. हात नाचवून नाचवून. दूध उतू जाऊन गॅस विझला तरी मी थांबले नाही.

तनुजा वेणी घालता घालता धावत आली. "आई! कोणाशी भांडून राहिलीस?"

मी म्हटलं, "घाबरू नको. जुनी ओळख आहे."

रत्नम्मा